शिगोशीग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. एकदा मी सांगायला लागले की मध्ये कुणी खिदळलेलं मला चालत नाही. आणि शेवटी तुम्ही हसणारच आहात, तेही मला ठाऊक आहे. पण त्या दुपारी मी जेवढी घाबरले ना, तेवढी बारावीच्या निकालालासुद्धा घाबरले नव्हते. आणि बारावीला माझं फिजिक्स काय लायकीचं होतं ते आमच्या अख्ख्या वैराग गावाला माहीत आहे.

सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला जेमतेम महिना झाला होता. पहिले काही महिने कच्ची नोकरी असते. म्हणजे काम पक्कं, माणूस कच्चं. पटलं नाही तर 'उद्यापासून येऊ नका' एवढंच सांगतात. इकडे माझ्या आईनं गावात सांगून ठेवलेलं, "आमची वर्षा आता डॉक्टरच्या खालोखाल हाय." त्या खालोखालमध्ये किती माणसं मावतात ते तिला कुठं माहीत?

तर आमच्या वॉर्डात एक कुलपाचं कपाट आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं थांबवायची कडक इंजेक्शनं त्यात असतात. कडक म्हणजे अशी, की बाहेर नशेसाठी कुणीही पळवील. म्हणून ती मोजून ठेवायची, दिलं की लगेच लिहायचं आणि पाळी बदलताना परत मोजायचं. एक जरी कमी निघालं तरी सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, चावी कुणाकडं होती?

त्या दिवशी सकाळपाळीला चावी माझ्याकडं होती. पहिल्यांदाच. मी ती खिशाला आतून सेफ्टी पिननं टोचली होती आणि जाता-येता चाचपत होते. नव्या नवरीनं गळ्यातलं चाचपावं तसं.

सकाळ खरं सांगते, लई छान गेली. सलाईन एका फटक्यात लागली. एका आजोबांनी मला चक्क 'मॅडम' म्हटलं. औषधांचा नवा माल आला, तो मी सही करून कपाटात लावला. आदल्या दिवशी आमच्याकडची ही इंजेक्शनं संपली होती, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून पाच उसनी आणलेली. हे वॉर्डा-वॉर्डांत चालतंच. शैला सिस्टर म्हणाल्या, "वर्षा, आधी वरचं वर देऊन ये. उसनं डोक्यावर नको."

शैला सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज. अकलूजच्या. आवाज असा की बेशुद्ध पेशंटसुद्धा कूस बदलतो. मी डबी भरली आणि वर गेले.

वर पद्मा होती. माझ्याआधी थोडेच महिने लागलेली, इथल्याच भवानी पेठेतली. घरी टॉवेलचे माग, घरात सगळे तेलुगू बोलणारे, आणि हिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. ती एका पेशंटचं ड्रेसिंग करत होती, दोन्ही हात अडकलेले. "पद्मा, मोजून घे गं," मी म्हटलं.

"तू मोजून आणलीस ना? मग मी काय परत मोजू?" तिनं कोपरानंच कपाट दाखवलं. "ठेव तिथं ट्रेमध्ये."

मी ठेवली. तिनं हात धुऊन कुलूप लावेपर्यंत थांबले सुद्धा. म्हटलं, आपण कसं जबाबदारीनं वागतोय. मग खाली आले.

दुपारी पाळी बदलायची वेळ झाली. मी नवी, म्हणून दुसरी नर्स यायच्या आधी शैला सिस्टर स्वतः मोजायला उभ्या राहिल्या. हिशेबानं चौदा हवी होती. त्यांनी मोजली. तेरा.

मी म्हटलं, सिस्टर, मी मोजू? मोजली. तेरा. उजवीकडून मोजली, डावीकडून मोजली. तेरा. देवाचं नाव घेऊन मोजली तर बारा आली, म्हणून देवाचं नाव घेणं थांबवलं.

"चावी कुणाला दिली होतीस?" शैला सिस्टरनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"बाथरूमला गेलीस तेव्हा?"

"गेलेच नाही, सिस्टर." आणि हे खरं होतं. नव्या नर्सा जात नाहीत. सकाळी सात वाजता आवरून येतात आणि थेट घरी जाऊन सुटकेचा निःश्वास सोडतात.

शैला सिस्टरनी हळूच कपाट लावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलल्या. "हे बघ वर्षा, मेट्रन मॅडम वर राउंडला आहेत. त्या खाली यायच्या आत शोध. नाही सापडलं तर मी सांगणार. लपवणार नाही, आधीच सांगते."

आता तुम्ही म्हणाल, एक इंजेक्शन, बोटाएवढी काचेची कुपी, त्याचं काय एवढं? एवढं काय विचारता? चोरीचा आळ. पोलीस. नर्सिंगची नोंदणी रद्द. मी मनातल्या मनात वैरागच्या एसटी स्टँडवर बॅग घेऊन उतरले सुद्धा. समोर आमची शेजारीण, तिचा तो गोड आवाज, "काय गं वर्षे, सुट्टी का?" माझ्या हाताला असा घाम फुटला की ग्लोव्हज निघेनात.

शोधायला लागले. कपाटाच्या खाली, ट्रॉलीच्या मागं, कापसाच्या गठ्ठ्यात. काचेच्या कचऱ्याचा डबा सकाळच्या गाडीत रिकामा झालेला, म्हणजे रिकामी कुपी मिळायचाही मार्ग बंद. मी कॉटखाली गुडघ्यांवर असताना रुक्साना मावशी फडकं घेऊन आल्या. त्या आमच्या वॉर्डातली साफसफाई बघतात आणि वॉर्डातली प्रत्येक बातमी सुद्धा.

"क्या ढुंडरी गे बाई?"

आता इंजेक्शन म्हणून सांगते की काय? तोंडाला येईल ते बोलले, "कानातलं पडलं, मावशी."

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. "अगे, दोनों कानां में तो हय."

"तिसरं," मी म्हटलं.

खरंच सांगते, मी तिसरं म्हटलं. माणूस घाबरला की त्याची अक्कल सगळ्यात आधी पळून जाते. मावशी मोठ्या मनाच्या, त्यांनी तिसरा कान कुठाय असं विचारलं नाही. पण दहा पावलं जायच्या आत अख्ख्या वॉर्डाला खबर. शिस्टरबाईचं सोन्याचं कानातलं हरवलं! झालं. पेशंटचे नातेवाईक कॉटखाली शिरले. एका आजीनं पदराला गाठ मारली, "आता घावतंय बघ पोरी, भिऊ नगंस." एक जण मोबाइलचा उजेड पाडत माझ्याच मागं मागं फिरायला लागला, त्यामुळं मला जिथं शोधायचं होतं तिथं शोधताच येईना.

आणि आजीच्या गाठीचा गुण म्हणा, कानातलं सापडलं! माझं नव्हे हो. कुणाचं तरी. मोबाइलवाल्यानं दोन बोटांत धरून वर केलं. मी म्हटलं, हे माझं नाही. लगेच खिडकीजवळच्या पेशंटच्या दोन सुना उठल्या आणि दोघीही म्हणाल्या, हे माझं. सासू कॉटवर सलाईन लावून पडलेली, ती म्हणाली, दोघींचं नाही, माझं आहे, आणि हे इथं कसं आलं ते आधी मला सांगा. तिथं जे भांडण लागलं त्यात माझ्याकडं कुणी बघेना. तेवढाच काय तो मला फायदा झाला.

तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला. सांगायला लाज वाटते, पण आला. वर जायचं. पद्माकडून गुपचूप एक इंजेक्शन मागून आणायचं, कपाटात ठेवायचं, चौदा करायची. पुढचं पुढं बघू. हे चूक आहे हे मला कळत होतं. पण कळणं आणि पाय थांबणं यात फार फरक असतो. मी जिना चढले.

वर गेले तर पद्माच्या टेबलापुढं मेट्रन मॅडम.

मेट्रन मॅडम म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरच्या. उंच, कडक इस्त्री, त्यांना कधी हसताना कुणी पाहिलं नाही. आणि पद्मा त्यांच्यासमोर खाली मान घालून उभी. डोळे लाल.

"एक जास्त कसं?" मेट्रन मॅडम विचारत होत्या. "कमी निघालं तर समजू शकते. जास्त निघालं म्हणजे काय, सांग मला. कुणाला तरी दिलं म्हणून लिहिलंस आणि दिलंच नाहीस."

"दिलं मॅडम. सगळ्यांना दिलं."

तुम्हाला वाटेल, माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला असेल. खाली एक कमी, वर एक जास्त, पहिलीतलं पोर सांगेल. पण नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? वा, यांच्याकडं एक जास्त आहे. देवानंच ठेवलंय माझ्यासाठी! मागावं कसं एवढाच माझा प्रश्न. मी दाराशी तशीच अंग चोरून उभी राहिले.

मेट्रन मॅडम वळून समोरच्या कॉटकडं गेल्या. तिथं तात्या होते. माळशिरसकडचे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, सकाळी हेच इंजेक्शन त्यांच्या नावावर लिहिलेलं.

"आजोबा, सकाळी या सिस्टरनी इंजेक्शन दिलं का तुम्हाला?"

"दिलं आसंल की," तात्या म्हणाले. "समदेच टोचत्यात हितं. कोण कंचं टोचतंय, मला काय म्हायती?"

"दुखायचं थांबलं का मग?"

"कुटलं थांबतंय वो. कंबर दुखतीया, मान दुखतीया, त्यो पंखा सुदिक कुरकुरतोय. चा तर रोज थंडगार."

पद्माची मान आणखी खाली गेली. मेट्रन मॅडमनी तिच्याकडं रोखून बघितलं. "म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दुखत ठेवलंस आणि खोटं लिहिलंस," त्या म्हणाल्या. "असल्या मुली मला नकोत."

पद्मा काहीतरी बोलायला गेली. मराठी येईना. ते शुद्ध मराठी कुठं गेलं कुणास ठाऊक, तोंडातून नुसतं तेलुगू, तेही तुटक. शेवटी एवढंच मराठीत निघालं, "खालून पाच आली मॅडम, तेवढीच ठेवली."

पाच.

आणि माझा हात मला आठवला. हाच, उजवा. सकाळी डबीत पाच इंजेक्शनं भरलेली. झाकण लावायचं तेवढ्यात हा हात परत ट्रेमध्ये गेला, एक उचललं आणि वर ठेवलं. आपोआप. मी ठरवलं नाही, विचार केला नाही. आमच्या घरी शेजारून वाटीभर साखर आणली तर परत देताना सपाट वाटी द्यायची नाही, काठाच्या वर शीग आलीच पाहिजे. सपाट भरली की आई ती परत भरायला लावायची. "उसनं शिगोशीग द्यायचं, न्हायतर पुन्यांदा मागायला तोंड ऱ्हात न्हाई." विरजण असो, पीठ असो, चटणी असो. सांगून सांगून ते माझ्या डोक्यातून हातात उतरलेलं, आणि मी त्या हातानं कुलपातल्या इंजेक्शनाची शीग लावून आले होते.

मी तिथंच भिंतीला टेकले. आता सांगायचं? काय सांगायचं? मेट्रन मॅडमला म्हणायचं, की मी साखरेसारखं इंजेक्शन परत केलं? विश्वास कोण ठेवणार? म्हणतील, खालचं चोरलं आणि पकडली जाणार म्हणून इथं आणून टाकलं. आणि ठेवला विश्वास, तर जन्मभर वेडी म्हणून ओळखतील. गप्प राहिलं तर? गप्प राहिलं तर ही पद्मा जाते. जिनं मला म्हटलं होतं, तू मोजून आणलीस ना, मग मी काय मोजू.

गप्पच राहावंसं वाटत होतं, खोटं नाही सांगत. पण तिचं ते वाक्य मला सोडेना.

"मी सहा दिली, मॅडम."

मेट्रन मॅडम वळल्या. "कोण गं तू?"

"वर्षा. खालच्या वॉर्डची. खाली एक कमी आहे, मॅडम. ते इथं आहे."

"उसनी किती नेली होती?"

"पाच."

"मग सहा का दिलीस?"

तात्यांचा पंखा त्या क्षणी कुरकुरायचा थांबल्यासारखा वाटला.

"उसनं होतं, मॅडम."

"बरं. मग?"

"उसनं शिगोशीग परत द्यायचं असतं."

मेट्रन मॅडमनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण आकाशाच्या आधी तात्याच बोलले. "बराबर हाय की पोरीचं. आमच्यात बी तसंच हाय."

"आजोबा, हे काय ज्वारीचं पीठ आहे का?" मेट्रन मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"पीठ आसू द्या न्हायतर विंजेक्शन," तात्या म्हणाले, "उसनं ते उसनं."

मॅडमनी पद्माकडून चावी मागून घेतली. स्वतः कपाट उघडलं, मोजलं, एक बाजूला काढलं आणि स्वतःच्या हातात धरून खाली आल्या. माझ्या हातात दिलं नाही, ते बरोबरच केलं म्हणा. शैला सिस्टरसमोर आमचं कपाट मोजलं. तेरा आणि एक, चौदा. शैला सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी म्हटलं उसनं डोक्यावर नको, तू तर व्याजासकट उतरवून आलीस."

मग मॅडमनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. पद्माला म्हणाल्या, "न मोजता घेतलंस, ही तुझी चूक. पण पेशंटला दुखत ठेवलंस असं मी सगळ्यांसमोर म्हटलं, ते माझं चुकलं." हे मॅडम म्हणाल्या, बरं का. मग माझ्याकडं वळल्या. "आणि तू. चोरी नाही निघाली, नशीब समज. पण पुन्हा असं झालं तर तुझ्या गावच्या गाडीत मी स्वतः बसवून देईन. दोघींनी लेखी खुलासा द्यायचा, आजच्या आज."

माझी नोकरी राहिली. कळलं तेव्हा मला इतकं रडू आलं की बाथरूमला जायला निमित्त मिळालं.

खुलासा लिहायला बसले. 'जास्तीचे इंजेक्शन परत देण्याचे कारण' याच्यापुढं काय लिहू? अर्धा तास पेन चावत बसले. शेवटी लिहिलं, 'घरचे वळण.' मॅडमनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला असं शैला सिस्टर म्हणतात. मी खाली बघत होते.

संध्याकाळी आईला फोन लावला. चांगली तणतणले. तुझ्या त्या शिगेपायी माझी नोकरी चालली होती, म्हटलं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचाला एकच दिलंस व्हय?"

मी फोन ठेवून दिला.

पद्मा मात्र माझ्याशी बोलेना. आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. जिन्यात समोर आली की तोंड फिरवून जायची. मी एकदा हात धरला, म्हटलं, "पद्मा, चुकलं गं माझं. माझ्यामुळं तुला सगळ्यांसमोर बोलणं खावं लागलं." तर म्हणाली, "तू दारात उभी होतीस. मी रडत होते, आणि तू उभी होतीस." खरं होतं ते. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

आणि मग एका दुपारी जिन्यावरून पद्माच खाली आली. हातात कापसाचा अख्खा गठ्ठा. माझ्या टेबलावर आदळला.

"हे काय?" मी विचारलं.

"उसनं ने," ती म्हणाली. "आमच्याकडं कापूस कमी पडतोय."

मला आधी कळेच ना. मग तिच्या मागं जिन्यात उभ्या असलेल्या दोन नर्सा फिसकन हसल्या, पद्माही हसली आणि मी तिला तिथंच मिठी मारली.

पण त्या दिवसापासून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. दवाखान्यातल्या ज्या वॉर्डात ज्याची चणचण, तो वॉर्ड ती वस्तू आणून माझ्या गळ्यात उसनी घालतो. "वर्षा, पट्ट्या ने की. वर्षा, चिकटपट्टी हवी का? नको कशी, ने की, नंतर दे." मागायच्या आधी उसनं मिळणारी सोलापुरात मी एकटीच असेन. आणि आमच्या शैला सिस्टर? काही संपलं की आणायला मलाच पाठवतात. परत द्यायला मात्र दुसरी जाते.